रिपोर्ट ‘रिॲक्टिव्ह’ आला, म्हणजे आजार आहेच का? तर्कशास्त्राचं ‘जर-तर’ आणि संख्याशास्त्राचं ‘जर-तर’

ज्यांना हेडफोन लावून बसायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना जिथे घसरलो ते इथे सावरलंय, आकडे नीट मांडलेत. बाकी गप्पा तशाच आहेत.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. एनएसएसच्या शिबिरात त्याने आयुष्यात पहिल्यांदा रक्तदान केलं, बिस्किटं खाल्ली, सर्टिफिकेटचा फोटो स्टेटसला टाकला. तीन आठवड्यांनी रक्तपेढीतून फोन. “तुमची एक स्क्रीनिंग टेस्ट रिॲक्टिव्ह आली आहे, एकदा येऊन परत तपासणी करून घ्या.” फोनवर यापेक्षा जास्त सांगत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण याने घरी कुणालाच सांगितलं नाही. रात्रभर मोबाइलवर शोधत बसला. एके ठिकाणी त्याला वाचायला मिळालं की अशा टेस्टची सेन्सिटिव्हिटी जवळजवळ शंभर टक्के असते. मग पहाटे मला मेसेज: “दादा, म्हणजे मला शंभर टक्के आहेच ना?”

मी त्याला तेव्हाच लिहिलं, “नाही. असेलही, नसेलही. पण तू जे वाचलंस त्यावरून तू काढलेला निष्कर्ष निघत नाही. आणि परत तपासणीला मात्र उद्याच जा.” पुढचं सगळं म्हणजे त्या उत्तराचं लांबलचक स्पष्टीकरण.

आधी शाळेत जाऊ. भूमितीत ‘व्यत्यास’ नावाचा प्रकार होता, आठवतोय? प्रमेय म्हणायचं, आणि मग सर विचारायचे, “आता याचा व्यत्यास सांगा.” जर चौकोन चौरस असेल, तर त्याचे कर्ण एकरूप असतात. खरं. आता उलटं करा: जर चौकोनाचे कर्ण एकरूप असतील, तर तो चौरस असतो. खोटं, कारण आयत समोरच उभा आहे. ‘जर’ आणि ‘तर’ यांची जागा बदलली की विधान बदलतं. पहिलं खरं आहे एवढ्यावरून दुसरं खरं ठरत नाही.

हे आपल्याकडे न्यायशास्त्रात फार पूर्वीपासून घासून पुसून मांडलेलं आहे. तिथलं घिसंपिटं उदाहरण म्हणजे डोंगरावरचा धूर. धूर दिसला, म्हणून तिथे अग्नी आहे. याला ते ‘अनुमान’ म्हणतात, आणि ते ज्यावर उभं आहे त्या नियमाला ‘व्याप्ती’: जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. आता उलटं चालेल का? जिथे अग्नी तिथे धूर? नैयायिक म्हणतात, नाही. लोहाराच्या भट्टीतला लालभडक तापलेला लोखंडाचा गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. ते इथेच थांबत नाहीत. अग्नीबरोबर धूर कधी येतो, तर सरपण ओलं असेल तेव्हा. या लपलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असं नाव दिलं. आजचा संख्याशास्त्रवाला दोन गोष्टींचा संबंध दिसला की “यामागे तिसरंच काही नाही ना?” असं विचारतो, ती शंका याच जातीची आहे. दोन्ही तंतोतंत एकच आहेत असं मी म्हणत नाही, पण नातं आहे.

जाता जाता, ‘अनुमान’ या शब्दाची गंमत बघा. न्यायशास्त्रात अनुमान हे प्रमाण आहे, म्हणजे खात्रीच्या ज्ञानाचं साधन. रोजच्या मराठीत अनुमान म्हणजे अंदाज. आणि संख्याशास्त्रात ‘अनुमान’ म्हणजे थोड्या लोकांना तपासून सगळ्यांबद्दल बोलणं, पण आपण किती चुकू शकतो त्याचा आकडा शेजारी लिहून. एकच शब्द, पण खात्रीचा भाव तिन्ही ठिकाणी वेगळा. आपल्या मित्राचा सगळा गोंधळ असाच शब्दांच्या जागा बदलल्यामुळे झाला.

आता त्याच्या रिपोर्टकडे येऊ. सेन्सिटिव्हिटी म्हणजे काय? आजार खरोखर असलेल्या लोकांपैकी किती जणांना टेस्ट पकडते. म्हणजे विधान असं: जर आजार असेल, तर टेस्ट पॉझिटिव्ह येते. आणि त्याने वाचलं कसं? जर टेस्ट पॉझिटिव्ह असेल, तर आजार असतो. सरळ सरळ व्यत्यास! चौरसाच्या कर्णांवर जे मार्क गेले होते, तेच इथे पहाटे तीन वाजता परत गेले.

दुसरा एक आकडा असतो, स्पेसिफिसिटी: जर आजार नसेल, तर टेस्ट निगेटिव्ह येते, असं किती वेळा होतं. त्याला हवा होता तो आकडा या दोन्हींपेक्षा वेगळा, आणि तो टेस्टच्या माहितीपत्रकात नसतोच. कारण तो टेस्टवर जितका अवलंबून आहे तितकाच टेस्ट कुणावर केली त्यावरही अवलंबून आहे.

आकड्यांनी बघू. हे आकडे मी हिशोब समजावा म्हणून धरलेत, कुठल्या रक्तपेढीचे नाहीत. समजा १०,००० रक्तदाते आहेत. स्वेच्छेने, धडधाकट वाटतंय म्हणून आलेले, त्यामुळे आजार असलेले त्यांच्यात थोडेच: समजा २०. टेस्ट इतकी भारी की या वीसच्या वीस जणांना पकडते. म्हणजे सेन्सिटिव्हिटी शंभर टक्के. आता उरले ९,९८०, ज्यांना काही झालेलं नाही. त्यांच्यापैकी ९९.५ टक्के लोकांना टेस्ट बरोबर ‘निगेटिव्ह’ सांगते. ऐकायला फारच छान. पण उरलेला अर्धा टक्का म्हणजे किती? ९,९८० चा अर्धा टक्का, जवळजवळ ५०.

म्हणजे रक्तपेढीतून फोन गेले ७० जणांना. त्यातले खरे आजारी २०. पन्नास जण उगाचच रात्रभर जागले.

परत वाचा, कारण बहुतेकांना इथे धक्का बसतो. टेस्ट एकही आजारी माणूस सोडत नाही, निरोगी माणसाला दोनशेत एकदाच चुकून पकडते, आणि तरीही ‘पॉझिटिव्ह’ निघालेल्यांत आजारी माणूस साधारण साडेतीनात एक. यात टेस्टचा दोष नाही. निरोगी लोकांचा ढीग इतका प्रचंड आहे की त्याच्यातला अर्धा टक्कासुद्धा खऱ्या आजाऱ्यांपेक्षा जास्त भरतो. हीच टेस्ट एखाद्या वॉर्डात, जिथे निम्म्या लोकांना लक्षणं आहेत तिथे केली, तर हाच ‘पॉझिटिव्ह’ जवळजवळ खात्रीचा होईल.

एपिसोडमध्ये मी इथे ‘टेस्ट ९९ टक्के अचूक आहे’ असं एक वाक्य बोलून गेलो होतो. ते वाक्य काढून टाकलंय. ‘अचूक’ हा शब्द या बाबतीत वापरूच नये असं माझं मत झालंय. अचूक कुणाच्या बाबतीत, आजाऱ्याच्या की निरोग्याच्या, हे तो शब्द लपवतो.

इथपर्यंत तर्कशास्त्र आणि संख्याशास्त्र हातात हात घालून चाललेत. दोघंही म्हणतात, उलटं वाचू नका. पण एक वळण असं आहे जिथे दोघांची वाट वेगळी होते, आणि त्याबद्दल मराठीत कुणी फारसं बोलत नाही.

तर्कशास्त्रात व्यत्यास चालत नाही, पण उलटवून नकार दिलेला चालतो. जर चौरस, तर कर्ण एकरूप. म्हणून, जर कर्ण एकरूप नसतील, तर चौरस नाही. हे शंभर टक्के पक्कं. टेस्टची सेन्सिटिव्हिटी खरोखर पूर्ण शंभर असेल तर हेच तिथेही लागू होतं: निगेटिव्ह आली, तर आजार नाही. पण ‘तर’च्या पुढे ‘बहुधा’ हा एक शब्द आला की हा पक्का पूलसुद्धा डळमळतो.

उदाहरण देतो. महाराष्ट्राच्या मतदार यादीत नऊ कोटींच्या वर लोक आहेत, विधानसभेचे आमदार २८८. तेव्हा हे विधान बिनधास्त करता येईल: जर माणूस महाराष्ट्राचा मतदार असेल, तर तो बहुधा आमदार नसतो. आता समोरचा गृहस्थ आमदार आहे. म्हणून तो बहुधा महाराष्ट्राचा मतदार नाही?

हसू नका. राज्यातल्या कुठल्या तरी मतदारसंघाच्या यादीत नाव असल्याशिवाय विधानसभेला उभंच राहता येत नाही. म्हणजे निष्कर्ष नुसता चुकीचा नाही, अशक्य आहे. आणि तर्काचा साचा तर अगदी शिस्तीतला वाटत होता.

हे मी का सांगतोय? कारण ‘स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट’ म्हणून ज्या बातम्या तुमच्या फोनवर येतात, त्या अनेकदा याच साच्यात वाचल्या जातात. ‘औषधाचा काही उपयोग नसता, तर असे निकाल बहुधा आले नसते. निकाल आले. म्हणून उपयोग नाही ही शक्यता फारच कमी.’ पी-व्हॅल्यू नावाचा जो आकडा असतो, तो फक्त पहिल्या वाक्याबद्दल बोलतो: औषध निरुपयोगी आहे असं धरलं, तर इतका किंवा याहून जास्त फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसेल. वीसात एक ही सोयीची रेघ रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रुळली. पण ‘औषध निरुपयोगी असण्याची शक्यता वीसात एक’ असा तिचा अर्थ होत नाही. तो अर्थ काढणं म्हणजे आमदाराचं नाव मतदार यादीतून उडवणं. आणि ‘सिग्निफिकंट’चं भाषांतर ‘महत्त्वपूर्ण’ करणाऱ्या बातम्यांबद्दल तर बोलायलाच नको. फरक इवलासा असतो, पण शून्य नसावा असं वाटतं, एवढंच त्यात म्हटलेलं असतं.

आता जरा मेंदूला झिणझिण्या येतील असं एक. एक फासा घ्या, सहा बाजूंचा, सरळ. विधान: ‘जर सम संख्या आली, तर ती सहा असेल.’ हे विधान खरं ठरण्याची शक्यता किती?

बहुतेक जण म्हणतील, तीनात एक. सम संख्या २, ४, ६. त्यातली एक सहा. बरोबर. ही झाली संख्याशास्त्राची सशर्त संभाव्यता: आधी ‘जर’ मान्य करा, बाकीचं जग फेकून द्या, आणि उरलेल्यात मोजा.

पण तर्कशास्त्राच्या पुस्तकातलं ‘जर-तर’ वेगळं मोजतं. ते विधान फक्त एकाच परिस्थितीत खोटं धरतं: ‘जर’ खरं आणि ‘तर’ खोटं. म्हणजे २ किंवा ४ आले तर खोटं. ६ आला तर खरं. आणि १, ३, ५ आले तर? सम संख्या आलीच नाही, वचन मोडलंच नाही, म्हणून विधान खरं! सहापैकी चार वेळा खरं. म्हणजे दोन तृतीयांश. एकच वाक्य, एकाच्या हिशोबात तीनात एक, दुसऱ्याच्या हिशोबात तीनात दोन.

कुणाचं बरोबर? दोघांचंही, आपापल्या कामापुरतं. गणिती सिद्धतेत तर्कशास्त्रवाल्याची सोय लागते. माझ्या पाकिटातल्या सगळ्या हजाराच्या नोटा खऱ्या आहेत, हे विधान तो खुशाल खरं मानतो, कारण पाकिटात हजाराची नोटच नाही. संख्याशास्त्रवाला इथे हात वर करतो: ज्या गोष्टीची शक्यताच शून्य, ती घडली असं धरून मी भागाकार कसा करू? डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये दाखवून दिलं की ज्याच्या खरेपणाची शक्यता नेहमी सशर्त संभाव्यतेइतकीच भरेल असं एखादं ‘जर-तर’ तयार करायला गेलात, तर अगदीच क्षुल्लक उदाहरणं सोडून ते जमत नाही. म्हणजे हा फरक नुसता लिहिण्याच्या पद्धतीचा नाही, मुळातलाच आहे.

आता ज्या शब्दामुळे एक बाई तीन वर्षांहून जास्त तुरुंगात राहिली, त्या शब्दाकडे येतो. ‘स्वतंत्र’.

तर्कशास्त्रात दोन विधानं स्वतंत्र म्हणजे एकावरून दुसरं खरं की खोटं काहीच ठरवता येत नाही. युक्लिडचं समांतर रेषांचं गृहीतक उरलेल्या गृहीतकांपासून असं स्वतंत्र आहे. ते इतरांवरून सिद्ध करायला लोक शतकानुशतकं धडपडले, आणि एकोणिसाव्या शतकात कळलं की ते शक्यच नाही. संख्याशास्त्रात मात्र स्वतंत्र म्हणजे एक घटना घडल्याचं कळलं तरी दुसरीची शक्यता तसूभरही हलत नाही. आणि तेव्हाच, फक्त तेव्हाच, दोन्ही घडण्याची शक्यता काढताना दोन आकड्यांचा सरळ गुणाकार करता येतो.

‘थोरल्याला ताप आहे’ आणि ‘धाकट्याला ताप आहे’ ही विधानं तर्कदृष्ट्या स्वतंत्र आहेत. एकावरून दुसरं सिद्ध होत नाही. पण एकाच घरातली, एकाच खोलीत झोपणारी भावंडं ती. एकाला ताप आला की दुसऱ्याची शक्यता वाढतेच. संख्याशास्त्राच्या अर्थाने ती स्वतंत्र नाहीत. (परीक्षा असलेल्यांसाठी: ‘म्युच्युअली एक्सक्लुझिव्ह’ म्हणजे एकमेकींना वगळणाऱ्या घटना, आणि त्या स्वतंत्र नसतात, उलट पक्क्या बांधलेल्या असतात. एक घडली की दुसरीची शक्यता थेट शून्य. यावर दरवर्षी मार्क जातात.)

इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क या वकील बाई. त्यांचं पहिलं बाळ डिसेंबर १९९६ मध्ये अचानक गेलं, दुसरं जानेवारी १९९८ मध्ये. त्यांच्यावर दोन्ही बाळांच्या खुनाचा खटला भरला गेला. बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितलं की अशा सुस्थितीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या घरात बाळ असं अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक. मग दोन बाळं? ८,५४३ गुणिले ८,५४३. सात कोटी तीस लाखांत एक. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली.

त्या एका गुणाकारात दोन चुका आहेत, आणि दोन्ही आपण आत्ताच पाहिल्या. पहिली, गुणाकारच करायचा नव्हता. दोन्ही बाळं एकाच आईबापांची, एकाच घरातली. काही आनुवंशिक किंवा घरातलंच कारण असेल तर पहिल्या मृत्यूनंतर दुसऱ्याची शक्यता वाढते. दुसरी चूक व्यत्यासाची. तो आकडा बरोबर असता तरी तो सांगत होता: जर आई निर्दोष असेल, तर असे दोन मृत्यू होण्याची शक्यता इतकी कमी. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र सहज उतरतं ते असं: जर असे दोन मृत्यू झाले, तर आई निर्दोष असण्याची शक्यता इतकी कमी. आईने आपली दोन बाळं मारणं हीसुद्धा अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. तुलना करायची तर दोन दुर्मीळ गोष्टींची एकमेकींशी करायला हवी होती. एक दुर्मीळ आहे म्हणून दुसरी खरी, असं होत नाही. ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलं की या आकड्याला संख्याशास्त्राचा आधार नाही.

जानेवारी २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात त्या सुटल्या. धाकट्या बाळाच्या तपासणीचे काही अहवाल बचाव पक्षाला दिलेच नव्हते, हे त्यामागचं मोठं कारण होतं. आकड्यावरही न्यायालयाने ताशेरे ओढले. त्या यातून कधी सावरल्या नाहीत. २००७ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या.

आता परत आपल्या मित्राच्या रक्तपेढीत येऊ, कारण ‘स्वतंत्र’ हा शब्द तिथेही दडलाय. त्याचा पुढचा प्रश्न होता, “दादा, तीच टेस्ट परत केली आणि परत पॉझिटिव्ह आली तर नक्की ना?” मशीनची किंवा हाताळणीची चूक असेल तर परत केल्याने ती उघडी पडेल. पण त्याच्या रक्तातलंच काहीतरी त्या किटला फसवत असेल, तर तीच किट दुसऱ्यांदाही तशीच फसेल, तिसऱ्यांदाही. दोन निकाल आले, पण ते स्वतंत्र नाहीत. एकाच साक्षीदाराला दोनदा विचारल्यासारखं आहे ते. म्हणूनच पक्कं निदान करताना वेगळ्या तत्त्वावर चालणारी टेस्ट लावतात. आपल्याकडे लक्षणं नसलेल्या माणसाचं एचआयव्हीचं निदान एका किटवर करत नाहीत, तीन वेगवेगळ्या किटवर करतात. रक्तपेढीचं काम वेगळं असतं. तिथे संशय आला तरी ती पिशवी कुणाला चढवायची नाही, त्यामुळे जाळं मुद्दाम बारीक विणलेलं असतं. त्यात चांगले मासेही अडकतात, ते ठाऊक असूनच.

तो दुसऱ्या दिवशी गेला. काउन्सेलरने बसवून समजावलं, परत रक्त घेतलं, वेगळ्या टेस्टला पाठवलं. चार दिवसांनी निगेटिव्हचा मेसेज आला, सोबत हसरा इमोजी आणि “दादा, मी पन्नासातला निघालो.”

मी त्याला लिहिलं, “छान झालं. पण वीसातला निघाला असतास, तरी हिशोब हाच होता. आणि उपचार वेळेवर सुरू झाले असते.” त्यावर त्याने बराच वेळ टाइप केलं, मग पुसलं, मग विचारलं की आता घरी सांगू का. मी म्हटलं, आईला सांग, बाबांचं ती बघून घेईल.